मधुमेह आणि उतारवय : आकड्यापलीकडची काळजी

घरातील आजोबांना मधुमेह झाला की आपण प्रथम त्यांच्या चहातील साखर काढून घेतो. मग भात जातो, आंबा जातो आणि हळूहळू सर्वांसोबत जेवणेही जाते. रक्तातील साखरेचा आकडा खाली येतो, परंतु माणूस उदास होतो. हे खरोखर पथ्य आहे काय, याचा आपण विचार करू या.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा प्रश्न घरोघरचा आहे.

वृद्धांच्या बाबतीत साखर वाढण्याइतकीच ती एकाएकी उतरण्याचीही भीती असते. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने जेवण चुकवले, तर घाम येतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. म्हणूनच अशक्त वृद्धांसाठी डॉक्टर साखरेची मर्यादा थोडी सैल ठेवतात. पौर्णिमेच्या उपोसथास दुपारनंतर न जेवणाऱ्या रुग्णांनीही औषधाविषयी डॉक्टरांना आधी विचारावे. साखर ७० च्या खाली गेल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्यास त्वरित दवाखान्यात न्यावे.

आता रोजच्या सवयींकडे वळू.

१) आहार : भाकरीने साखर वाढत नाही, हा गैरसमज आहे. ज्वारी-बाजरीतही पिष्ट असतेच. म्हणून भाकरी मोजून, पण वेळेवर खावी. सोबत डाळ, उसळ, पालेभाजी किंवा अंडे असावे. वयानुसार झिजणाऱ्या स्नायूंना प्रथिनांची गरज असते.

२) चालणे : आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालावे. एकदम जमत नसल्यास प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालावे.

३) पाय : पायांची संवेदना कमी झाल्यामुळे काटा रुतलेला कळत नाही. अनवाणी चालू नये. तळपाय व बोटांमधील जागा रोज पाहावी.

४) तंबाखू : मिसरी हीसुद्धा तंबाखूच आहे. आजीची मिसरी सुटावी म्हणून घरच्यांनी रागावू नये, साथ द्यावी.

या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे सोबत. आजोबांसाठी वेगळे बेचव ताट वाढण्यापेक्षा सर्वांनीच तेल, साखर, मीठ कमी केले, तर पथ्य ही शिक्षा वाटणार नाही. काय खावे, कधी फिरावे, हे ठरविताना त्यांचे मत विचारावे. दीर्घायुष्य आपल्याला हवे असतेच. पण ते आयुष्य जगणाऱ्यालाही हवेसे वाटले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, हा अंक वाचून झाल्यावर एवढेच करा : आजीजवळ बसा, तिचे तळपाय नीट पाहा आणि संध्याकाळी तिच्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत चालून या.