अर्धं राहिलं तरी लिही

पोरी, "सवड मिळाली की लिहीन" हे आधी डोक्यातून काढून टाक. नोकरी, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास यातून सवड कुणालाच मिळत नाही. रात्री भांडी आवरल्यावर अर्धा तास उरतो ना? मग तेवढाच आपला म्हण, आणि अर्ध्या तासात मावेल एवढंच काम हाती घे.

आपल्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला, असं परंपरा मानते. ग्रंथ केवढा मोठा, पण त्याची बांधणी बघ, लहान लहान भागांची. २० दशक, दर दशकात १० समास, आणि प्रत्येक समासाला त्याच्या विषयाचं नाव. तूही वही उघडलीस की आधी वर नाव घाल. 'माझं बालपण' असलं नको. 'सावित्रीचा पूर ओसरल्यावर माळ्यावरून खाली काढलेली पेटी' असं घाल. नाव नेमकं असलं की हात चालू लागतो.

तरी अडलीसच तर? समर्थ सांगत आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी लिहून घेत, अशी परंपरा आहे. तसं तूही सांगणं आणि लिहिणं वेगळं कर. मला फोनवर सांगतेस तसं मोबाइलवर बोल, मग ऐकून उतरव. बोलायलाही सुचेना, तर त्या दिवशी नवं काही लिहूच नकोस, जुनं पान सुवाच्य अक्षरात उतरवून काढ. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर वाटोळं, मोकळं असावं, ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं, असं त्यात सांगितलंय. ब्रह्मज्ञानाच्या ग्रंथात समर्थांनी यालाही जागा दिली, म्हणून मला हा समास फार मोलाचा वाटतो. उतरवताना जे वाक्य लिहायचा हाताला कंटाळा येतो, ते बहुतेक वेळा उसनं असतं. ते खोड आणि तिथे तुझं घाल. गाडी तिथूनच पुढे सरकते.

आणि पुरं होईल की नाही, याचा घोर नको. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवरायांच्या सांगण्यावरून त्यांनी 'शिवभारत' हे शिवरायांचं चरित्रकाव्य रचायला घेतलं. आज हाती आहेत ते ३१ अध्याय आणि बत्तिसाव्यातले थोडे श्लोक. ग्रंथ राज्याभिषेकापर्यंतही पोचत नाही. तरी अफजलखानाच्या स्वारीवर लिहायचं तर अभ्यासकांना तो उघडावाच लागतो.

आज रात्री त्या पेटीबद्दल अर्धा तास लिही. जमेल तेवढं उद्या मला वाचून दाखव.