सडा, पवनचक्की आणि मधमाशी

आमच्या घरात बी.ए.च्या वर्गापर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. वडील चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची राखण करतात आणि माझी फी त्यांच्या पगारातूनच भरली जाते. तेव्हा पवनचक्कीला नावे ठेवणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु भूगोल शिकताना एक प्रश्न पडला. वारा फुकट असला, तरी तो जेथे अडवावयाचा ती जमीन फुकट असते काय?

सातारा जिल्ह्यातील कास, चाळकेवाडी ही जांभ्या खडकाची पठारे. आम्ही त्यांस 'सडा' म्हणतो. परक्यास तो पडीक वाटतो. खडकावर माती कोठे बोटभर, कोठे वीतभर. पावसाचे पाणी तिच्यावरून पातळ थराने सरकते आणि त्या ओलीवर तेरडा, कवला, गेंद, सीतेची आसवे फुलतात. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. वायतुऱ्याची शास्त्रीय नोंद १९८२ साली झाली. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

पवनचक्कीचा पाया थोडी जागा घेतो. खरा फरक रस्त्याने पडतो. अवजड पाती वर नेण्यास रुंद रस्ता लागतो. भरावाच्या एका बाजूस पाणी तुंबते व दुसरी बाजू कोरडी पडते, हे वडिलांनीच मला दाखविले. ओल बदलली की वनस्पती बदलते. उकरलेल्या मातीत गाजर गवत आधी शिरते.

सातेरी मधमाशीला वर्षभर फुलांची साखळी लागते. उन्हाळ्यात जांभूळ, हिरडा. पावसाळ्यात व त्यानंतर कारवी आणि सड्यावरील फुले. एक कडी तुटली की वसाहत उपाशी पडते. माशी कमी झाली की बी कमी धरते, आणि तेरड्यासारखी वर्षायू झाडे पुढील वर्षी बियांतूनच उगवतात.

चाळकेवाडीवरील एक संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी व सरडे अधिक आढळले. सरडे किडे खातात. तेव्हा पात्यांचा परिणाम फुलावरील किड्यापर्यंत पोहोचत असावा, असा माझा तर्क आहे.

यावर पवनचक्क्या बंद करा, असे कोणी म्हणेल. पण कोळशासाठीही जमीन खणावी लागते, आणि धूर होतो तो निराळाच. म्हणून मागणे एवढेच की, जुन्या पवनचक्क्या बदलताना जुनेच रस्ते वापरावेत. भरावाखाली पुरेशा मोऱ्या ठेवाव्यात. खरवडलेली वरची माती राखून पुन्हा पसरावी. फुलोऱ्याच्या दिवसांत खोदकाम करू नये. उतारावरील कारवी व जांभूळ तोडू नयेत. यासाठी फार मोठा खर्च लागेल असे नाही. सड्याला पडीक म्हणणे मात्र आधी सोडावे लागेल.