शोकाच्या घरी बौद्धाचार्या



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी श्राद्ध-पिंडदान नाकारते, आठवी ब्राह्मणाहाती क्रियाकर्म करविणे नाकारते. म्हणून मयताच्या घरचा विधी आपणच चालवावयाचा आहे. तो स्त्रीने चालवू नये, असे या प्रतिज्ञांत एक अक्षरही नाही.

परंपरा तर उपासिकेच्याच बाजूची आहे. पटाचारेचा पती, दोन्ही मुले, आईवडील व भाऊ लागोपाठ गेले. भ्रमिष्ट झालेल्या तिला लोकांनी हाकलले. भगवंतांनी तिला भगिनी म्हणून हाक मारली, आधी भानावर आणले, उपदेश मागाहून केला. पुढे हीच थेरी पुत्रशोकाने व्याकूळ स्त्रियांचा आधार झाली. थेरीगाथा याची साक्ष देते.

हा क्रम यवतमाळ जिल्ह्यात विशेष ध्यानात घ्यावा. कापसाच्या या जिल्ह्यात कर्ज व नापिकीपायी शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत आल्या आहेत. अशा घरी जाणाऱ्या बौद्धाचार्येने पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. पोहोचताच गाथा सुरू करू नये. घरच्या बायांजवळ बसावे, ऐकावे. मृताचा उल्लेख नावानेच करावा.

२. त्रिसरण-पंचशील व अनित्यतेची गाथा पालीत म्हटल्यावर अर्थ साध्या मराठीत सांगावा. अनित्यता सांगावयाची ती मन सावरण्यासाठी, रडणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी नव्हे.

३. 'मागल्या जन्मीचे भोग' असे कोणी म्हटल्यास तेथेच थांबवावे. गतजन्मीच्या कर्माने आजचे दुःख ठरते, हे मत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात खोडून काढले आहे. कर्जाचे कारण शेतीत व बाजारात शोधावे, विधवेच्या पायगुणात नव्हे.

४. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे होऊ देऊ नये. पुरुष बौद्धाचार्य हे अंगणातून सांगतो. उपासिका त्या बाईचा हात हाती धरून सांगू शकते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथांविरुद्ध ठराव केला. शासनाने त्याच महिन्यात इतर गावांना तोच कित्ता गिरविण्यास सांगितले. दीक्षा घेतलेल्या वस्तीने याबाबत मागे राहावे काय?

५. पुण्यानुमोदन झाले म्हणजे काम संपले असे नाही. पाहुणे परतल्यावर घर खरे रिकामे होते. तेव्हा पुन्हा जावे. सातबारा, बँक, तहसिलीतील मदतीचा अर्ज यासाठी सोबत चालावे. हीदेखील करुणाच होय.

चिंतनासाठी :
(अ) भगवंतांनी पटाचारेला आधी उपदेश का केला नाही?
(आ) आपल्या विहारात विधी चालवू शकणाऱ्या उपासिका किती? नसल्यास येत्या वर्षावासात कोणाला तयार करणार?

जयभीम.