ठिपक्यांचे चित्र

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखानेच कारखाने आहेत. गावोगावची माणसे तेथे कामाला येतात. एका खोलीत चौघेचौघे राहतात. पाळी करून आलेला माणूस दोन घटका हसावे म्हणून टीव्ही लावतो. दिवाळीचा बोनस मिळाला की मोठा टीव्ही घ्यावासा वाटतो. दुकानदार म्हणतो, "फोर-के घ्या. चित्र अगदी लख्ख!" फोर-के म्हणजे काय? आपण समजून घेऊ.

अंगणात आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो. ठिपके थोडे, तर नक्षी ढोबळ. ठिपके दाट, तर नक्षी बारीक. टीव्हीचे चित्रही ठिपक्यांचेच असते, बरे का! जुन्या चित्रात सुमारे ४ लाख ठिपके असत. फुल एचडी टीव्हीत सुमारे २० लाख असतात. फोर-के टीव्हीत एका ओळीत ३८४० ठिपके, आणि अशा ओळी २१६०. म्हणजे ८२ लाखांहून जास्त.

आता एक विनोदी मालिका घेऊ. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झाली. दिलीप प्रभावळकर त्यात आबा झाले होते. त्या काळी आपल्याकडे मालिका थोड्या ठिपक्यांतच दाखवत. तीच मालिका फोर-के टीव्हीवर लावली, तर टीव्ही मधले ठिपके अंदाजाने भरतो. मूळ चित्रातच नाही, ते तो कोठून आणणार? आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार!

अमेरिकेतल्या 'फ्रेंड्स' या विनोदी मालिकेचे निराळे आहे. ती १९९४ ते २००४ या काळात झाली. तिचे चित्रण सिनेमाच्या फिल्मवर केले होते. फिल्मवर बारकावे भरपूर उतरतात. म्हणून त्या फिल्मवरून पुढे फोर-के चित्र तयार करता आले.

तेव्हा टीव्ही घेताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, आपण काय बघणार? जुन्याच मालिका बघायच्या, तर जास्त पैसे कशाला?

दुसरी, किती लांबून बघणार? ४३ इंची टीव्हीपासून ६ फुटांपलीकडे बसले, तर फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक डोळ्यांना सहसा कळत नाही.

तिसरी, हप्त्याचा कागद स्वतः वाचा. हप्ता केवढा, महिने किती, हे विचारा. दोन्हींचा गुणाकार करा. रोखीच्या किमतीशी ताडून बघा. मगच सही करा.

आता आपल्याला वाचता येते. मग दुसऱ्याच्या शब्दावर पैसे का मोजावेत? आबांचा विनोद ४ लाख ठिपक्यांतही आपल्याला पोट धरून हसवतो.

सांगा पाहू :
१. फोर-के टीव्हीच्या एका ओळीत किती ठिपके असतात?
२. जुनी मालिका नव्या टीव्हीवर तेवढी लख्ख का दिसत नाही?