शीर्षक किती वेळ थांबावे?

चित्रफितीच्या आरंभी येणाऱ्या हलत्या अक्षरांच्या रंगाचे व नक्षीचे आपण कौतुक करतो. परंतु ती वाचून होईपर्यंत पडद्यावर थांबली का, याचा विचार सहसा होत नाही. शीर्षकाचे यश मात्र त्यावरच अवलंबून असते.

हा प्रश्न जुनाच आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला. मूकपटात कथा समजावी म्हणून मधूनमधून मजकुराच्या पाट्या येत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. त्या काळी पाटीचा वेळ फिल्मच्या लांबीने ठरे; आज तो संगणकावर फ्रेम मोजून ठरवता येतो.

शीर्षकाचे तीन भाग असतात : प्रवेश, मुक्काम आणि निर्गमन. अक्षरे हलत असताना वाचन नीट होत नाही. म्हणून वाचनाचा वेळ प्रवेश संपल्यानंतर मोजावा.

आपल्याच भागातील उदाहरण घेऊ. न्हावा शेवा बंदराच्या वेळी भूसंपादनाच्या प्रश्नावर उरण तालुक्यात झालेल्या शेतकरी आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. समजा, या घटनेवरील चित्रफीत गावात दाखवायची आहे. ज्यांनी ते दिवस पाहिले, तीच माणसे पुढे बसणार. त्यांतील काहींना शाळा फारशी लाभली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. मी जी ओळ दोन सेकंदांत वाचतो, तिला आजीला सहा सेकंद लागतात.

तेव्हा हिशेब आजीच्या गतीने करावा. सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास प्रवेशाला १५, मुक्कामाला १५० व निर्गमनाला १० फ्रेम द्याव्यात. एकूण १७५ फ्रेम, म्हणजे सात सेकंद झाले. वेळ वाढवायचा असेल तर फक्त मुक्काम वाढवावा. संपूर्ण शीर्षक ताणले तर अक्षरांची हालचालही रेंगाळू शकते. आणि निर्गमनाचे कीफ्रेम जुन्याच जागी राहिले, तर अक्षरे वेळेआधीच नाहीशी होतात.

देवनागरीबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. एकेक अक्षर उमटवण्याची हालचाल काही सॉफ्टवेअरमध्ये काना, मात्रा व जोडाक्षरे फोडते. 'शेतकऱ्यांचे' हा शब्द तुकड्यातुकड्यांनी आला, तर सावकाश वाचणारा गोंधळतो. त्याऐवजी पूर्ण शब्द एकदम आणावा.

आपण लिहिलेला मजकूर आपल्याला पाठ असतो. त्यामुळे तो कितीही झटकन गेला तरी पुरेसा वाटतो. म्हणून स्नेहसंमेलनाची चित्रफीत करणाऱ्या मित्रांनी ती आधी घरातील वडीलधाऱ्यांना दाखवावी व त्यांना शीर्षक मोठ्याने वाचावयास सांगावे. त्यांचे वाचन पुरे झाल्यावरच अक्षरांना निरोप द्यावा.