सोडलेली पट्टी

सोनारी, ता. परंडा

चि. सायली,

परवा फोनवर तू 'बॉक' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारलास आणि मी 'ऐनवेळी कच खाणे' असे सांगून मोकळा झालो. अर्थ तोच आहे, पण या शब्दाच्या कुळात तुझ्या कामाचे बरेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हा मूळचा शेतातला शब्द. जुन्या इंग्रजीत 'बाल्का' म्हणजे जमिनीचा उंचवटा. नांगरताना दोन तासांमध्ये जी पट्टी न नांगरलेली राहते, तिला हे नाव पडले. मग अशी पट्टी सोडून जाणे, त्यावरून गाळणे, टाळणे, आणि पुढे कुंपणापाशी आलेला घोडा बुजून जागच्या जागी अडतो ते, असे अर्थ वाढत गेले. 'हेझिटेट'ची गोष्ट वेगळी. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ चिकटून राहणे; 'ॲडहेसिव्ह' हे त्याचेच भावंड. तिथे माणूस अडकलेला असतो. 'बॉक' करणाऱ्याचे पाय मोकळे असतात, तरी तो पाऊल टाकत नाही.

आपल्या रानात अशी पट्टी राहिली की काय होते, ते तू लहानपणापासून पाहिले आहेस. ट्रॅक्टरवाला घाईत कडेची हातभर जागा सोडतो. तिथे हराळी आणि कुंदा माजतो, मुळ्या शेजारच्या तासात शिरतात, आणि ज्वारी पेरल्यावर खुरपणीला दोन बाया जास्त लावाव्या लागतात. पट्टी हातभर, पण तिचा त्रास साऱ्या रानाला. जुन्या इंग्रजांत म्हणच होती, चांगल्या जमिनीत पट्टी सोडणे. म्हणजे चालून आलेली संधी वाया घालवणे. बेसबॉलमध्ये तर हा शब्द नियमातच आहे. गोलंदाजाने चेंडू टाकायला सुरुवात करून मध्येच हात आखडला, तर बेसवर उभे असलेले प्रतिस्पर्धी एकेक बेस फुकटात पुढे जातात.

आता दुसरी बाजू. आपल्या जिल्ह्यातल्या तेरला तू गेली आहेस. ग्रीक दर्यावर्दी पुस्तकातले 'तगर' ते हेच. तिथे उत्खननही झाले आहे. उत्खनन करणारे दोन खड्ड्यांच्या मध्ये मातीची एक भिंत मुद्दाम न खोदता ठेवतात. तिलाही इंग्रजीत 'बॉक'च म्हणतात. मॉर्टिमर व्हीलर 1944 साली भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले आणि चौकोनी खड्ड्यांची ही शिस्त त्यांनी इथे रुजवली. त्या भिंतीच्या अंगावर कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा, हे वाचता येते. ती पाडली तर सापडलेल्या खापरांचा काळ ठरवणे अवघड होते.

तेव्हा थांबणे मुळात वाईट नाही. कशासाठी थांबलो आहोत हे सांगता आले, तर ते थांबणे कामाचे. सांगता आले नाही, तर तिथे हराळी माजणार.

ताईकडून कळले की हैदराबादला पुढच्या शिक्षणाची जागा मिळूनही तू अजून होकार कळवलेला नाहीस. घरचे आजारपण, पैशांची अडचण, विषय न आवडणे, यांपैकी काही कारण असेल तर स्पष्ट लिही. आपण मिळून त्यातून वाट काढू. पण 'तिथे मला जमेल का' एवढेच असेल, तर ते कारण नव्हे, बुजणे आहे. ते घरी बसून जात नाही, तिथे जाऊनच जाते. पहिले सहा महिने जड जातील, हे गृहीत धर. इंग्रजी बोलताना अडखळशील, वर्गातली शहरी मुले पुढे वाटतील. परंड्याहून बाहेर पडलेल्या आमच्या पिढीतल्या बहुतेकांचे असेच झाले, आणि बहुतेक जण तिथे टिकले.

काका-आत्यांचा सल्ला गोळा करत बसू नकोस. कागदावर दोन रकाने कर: थांबण्याची कारणे आणि जाण्याची कारणे. पहिल्या रकान्यात एकही ठोस ओळ उतरली नाही, तर त्याच दिवशी होकार पाठव आणि मला फोन कर. तिकिटाचे मी पाहतो.

तुझा,
मामा