प्रत्येक टेबलाला नवा कॉम्प्युटर हवाच का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही. मग सगळं भंगारात घालायचं? थांबा, आधी गणित मांडू.

रेल्वेची आरक्षण खिडकी आठवा. सीटचा हिशोब तिथल्या मशीनमध्ये नसतो, लांबच्या सर्व्हरवर असतो. खिडकीवर फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड. थिन क्लायंट म्हणजे हेच. एक दमदार मशीन घ्या, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाका आणि त्यांचा फक्त खिडकीसारखा वापर करा.

कुठे जमेल? बिलिंग, स्टॉक, यंत्रमागाच्या उत्पादनाची नोंद. किंवा गलाईचं दुकान केरळात आणि हिशोब विट्यात असेल तर.

कुठे नाही? व्हिडिओ एडिटिंग, जड डिझाइनचं काम.

पैसे घालण्याआधी हे तपासा:

१. लायसन्स : विंडोज प्रोवर एका वेळी एकच जण काम करू शकतो. जास्त जणांसाठी विंडोज सर्व्हर आणि रिमोट डेस्कटॉपची वेगळी लायसन्स लागतात. 'जुगाड करून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

२. सुरक्षा : रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, व्हीपीएन वापरा. नाहीतर हॅकर डेटाला कुलूप लावून खंडणी मागतो.

३. वीज : सर्व्हर बंद, तर सगळी टेबलं बंद. यूपीएस आणि रोजचा बॅकअप पाहिजेच.

दोन-तीन टेबलं असतील तर बहुतेक वेळा साधे पीसीच परवडतात. आठ-दहा असतील तर दोन्ही कोटेशन घ्या, लायसन्ससकट बेरीज करा आणि मगच ठरवा.